नवीन योक आणि रडर पेडल लावले, पण सेसना हातात येत नाहीये. सेटिंग कुठून सुरू करू?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, इथे सिम उडवणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2020 बरेच दिवस एका साध्या जॉयस्टिकवर उडवत होते, दांडा पिळला की रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा उभा पट्टा) फिरतो तसली, आणि सेसना 172 हे छोटं एका पंख्याचं विमान त्यावर बऱ्यापैकी उडायचं. दिवाळीत मनावर घेतलं आणि योक (विमानाचं हातातलं स्टिअरिंग), पायाने दाबायची रडर पेडल, इंजिनसाठी तीन दांड्यांचा थ्रॉटल क्वाड्रंट असा सगळा सेट एकदम आणला. पेटी उघडताना जो आनंद झाला तो विचारू नका. पण आता लावून बघतेय तर विमान आधीपेक्षा वाईट उडतंय.

नक्की काय होतंय ते सांगते. लोहगावला रनवे 28 च्या दिशेने टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवत नेताना, विमान डावीकडे ओढतं आणि थ्रॉटल बराच दिल्याशिवाय हलतच नाही. टेकऑफला 55 नॉटला योक थोडा ओढला की काहीच होत नाही, अजून थोडा ओढला की नाक एकदम वर, मग घाबरून पुढे ढकलला की खाली, असं खडकवासल्यापर्यंत वरखाली चालू. ट्रिम (सतत जोर न लावता नाक एका जागी ठेवायची सोय) जॉयस्टिकवर मी फारसं वापरायचेच नाही, आता योकची स्प्रिंग कडक आहे म्हणून मनगट दुखतं आणि ट्रिम केलं तर नाक भलतीकडे जातं. आणि फायनलला, म्हणजे उतरताना रनवेसमोरच्या शेवटच्या टप्प्यात, 65 नॉट ठेवते पण रनवेची सेंटरलाइन (मधली रेघ) काही सापडत नाही, मधेच रडर आपोआप एकीकडे झटका देतो.

जॉयस्टिक अजून जोडलेली आहे कारण तिच्यावरची बटणं सवयीची आहेत, लाइट वगैरेसाठी. परत करायची मुदत अजून संपलेली नाही, पण मला परत करायचं नाहीये, मला खरंच हाताने नीट लँडिंग शिकायचंय. सेन्सिटिव्हिटीचे आकडे कोणी दिले तर बरं होईल, किंवा कुठून सुरू करायचं तेवढं तरी सांगा.

सह्याद्रीफ्लायर

ताई, आकड्यांच्या आधी एक काम करा, ती जॉयस्टिक काढा. निदान तिच्या प्रोफाइलमधून एलेरॉन (विमान कलवणारे पंखांवरचे पट्टे), एलिव्हेटर (नाक वरखाली करणारा शेपटीचा आडवा पट्टा), रडर आणि थ्रॉटल हे चारही ॲक्सिस, म्हणजे सलग हलणारे कंट्रोल, पुसून टाका, बटणं राहू देत. हा सिम प्रत्येक नवीन डिव्हाइसला स्वतःहून डिफॉल्ट असाइनमेंट देतो आणि जुन्याची काढत नाही, त्यामुळे आत्ता तुमच्या रडरला दोन मालक आहेत, पेडल आणि जॉयस्टिकचा पीळ. जॉयस्टिक टेबलावर नुसती पडलेली असली तरी तिचा सेन्सर थोडा थरथरतो आणि तो सिग्नल आला की रडर तिचं ऐकतो. तो फायनलवरचा झटका मला तरी हाच वाटतोय.

दुसरं टॅक्सीचं. ते जवळपास नक्की टो ब्रेकचं आहे, म्हणजे पेडलांवर चवड्याने दाबायच्या चाकांच्या ब्रेकचं. पेडलांचे ब्रेक ॲक्सिस पुष्कळदा सिममध्ये उलटे बसतात, म्हणजे तुम्ही पाय लावलेला नसताना सिमला वाटतं ब्रेक दाबलाय आणि दाबलात की सुटतो. कंट्रोल्समध्ये पेडल निवडा, लेफ्ट ब्रेक ॲक्सिस आणि राइट ब्रेक ॲक्सिस शोधा, तिथे रिव्हर्स ॲक्सिसची खूण असते ती करून बघा. मग सेन्सिटिव्हिटीची खिडकी उघडली की पट्टी हलताना दिसते, पाय पूर्ण उचलल्यावर ती शून्यावरच असली पाहिजे. थोडी जरी वर राहिली तर दोन्ही ब्रेकना 5 टक्के डेडझोन द्या (सुरुवातीची तेवढी हालचाल सिम सोडून देतो), कारण नुसतं रडर दाबताना सुद्धा पायाचा चवडा ब्रेकला लागतो.

आणि डावीकडे ओढण्याची दोन कारणं वेगळी ओळखता येतात. इंजिन 1000 आरपीएमच्या आसपास असताना, हळू टॅक्सीत ओढत असेल तर ब्रेक. पॉवर वाढवली तसं ओढणं वाढत गेलं आणि नाक उचलल्यावर आणखी जोरात झालं तर तो बिघाड नाही, ते विमानच तसं आहे. सेसनाचा पंखा कॉकपिटमधून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याचा हवेचा पिळा शेपटीला डाव्या बाजूने येऊन आपटतो, आणि नाक वर असताना उजवीकडून खाली येणारं पातं जास्त ओढतं, म्हणून नाक डावीकडे जातं. त्याला उत्तर उजवा पाय, टेकऑफपासून चढाई संपेपर्यंत.

अजून एक, असिस्टन्स ऑप्शनमध्ये ऑटो-रडर आणि असिस्टेड योक असतील तर बंद करा. जॉयस्टिकच्या काळात ते चालू असतील तर तुम्हाला हे डावीकडचं ओढणं कधी जाणवलंच नसेल, आणि आता पेडल घेऊन त्यांना चालू ठेवलं तर पेडलांचा उपयोगच राहत नाही.

घारीची_नजर

आकडे मागितलेत तर माझे देतो. एलेरॉन आणि एलिव्हेटर दोन्हीची सेन्सिटिव्हिटी उणे 40, डेडझोन 2, रडर उणे 50 डेडझोन 5. उणे केलं की मधला भाग मवाळ होतो, लहान हालचालीला विमान कमी प्रतिसाद देतं. मी हे बदलल्यावर वरखाली होणं थांबलं. योक किती फिरतो तेही बघा, काही योक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 90 अंशच फिरतात, हनीकॉम्ब अल्फा नावाचा योक 180 फिरतो. 90 वाला असेल तर कर्व्ह, म्हणजे ही उणे सेन्सिटिव्हिटी, लागणारच, तेवढ्याच जागेत सगळा एलेरॉन कोंबलेला असतो.

बारामती_कॅडेट

मी खऱ्या 172 वर शिकतोय आणि होस्टेलवर सिम पण आहे, म्हणून थोडं लांब लिहितो, कारण हा फरक मला कोणी आधी समजावला असता तर फार बरं झालं असतं.

गोदाकाठची ताई, तुमचं वरखाली होणं बऱ्याच अंशी स्प्रिंगमुळे आहे, तुमच्यामुळे नाही आणि कंपनीमुळेही नाही. खऱ्या सेसनामध्ये योकला मधोमध आणणारी स्प्रिंग असा प्रकार नसतो. योक तारांनी थेट एलिव्हेटरला जोडलेला असतो आणि हाताला जो जोर लागतो तो हवेचा असतो. म्हणून 110 नॉटला योक जड लागतो, बोटभर हलवला तरी नाक जागचं हलतं, आणि फ्लेअरला (टेकण्याआधी नाक हळूच उचलताना) 50 च्या खाली आलात की तोच योक ढिला पडतो, बराच ओढावा लागतो. टेबलावरच्या योकला यातलं काहीच माहीत नाही. त्याची स्प्रिंग पार्किंगमध्ये जेवढी कडक तेवढीच क्रूझमध्ये. त्यातून बऱ्याच योकना मध्यावर एक खाच असते, तिच्यातून बाहेर काढायला जोर लावावा लागतो आणि बाहेर आला की तोच जोर जास्त होतो. तुम्ही लिहिलंय ना, थोडा ओढला तर काही नाही आणि अजून थोडा ओढला की एकदम वर, ते हेच.

आता ट्रिम. खऱ्या विमानात मी योक धरून नाक हवं तिथे ठेवतो, हाताला ओढ जाणवते, मग ट्रिमचं चाक फिरवत जातो आणि ओढ कमी कमी होत शून्य होते. योक मात्र जिथे होता तिथेच राहतो. घरच्या योकमध्ये तसं होऊच शकत नाही, कारण स्प्रिंगचा मध्य एकच. म्हणून तिथे क्रम असा ठेवावा लागतो: आधी योकने नाक क्षितिजाशी हवं तिथे आणायचं आणि धरून ठेवायचं, वेग स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग ट्रिम थोडं थोडं देत जायचं आणि जसं नाक आपलं आपण उचलायला लागेल तसतसा योक हळूहळू मध्याकडे सोडत जायचा. नाक हलू द्यायचं नाही. योक मध्यावर आला, हात काढला, तरी नाक तिथेच, की ट्रिम झालं. तुमचं नाक भलतीकडे जातंय कारण हात योक तसाच धरून ठेवतोय आणि वरून ट्रिमची भर पडतेय.

आणि ट्रिमने नाक फिरवायचं नाही. ट्रिम म्हणजे विमानाला सांगणं की हा वेग धर. 2300 आरपीएमला साधारण 100 नॉटवर सरळ उडतंय आणि ट्रिम केलेलं आहे असं धरा, आता पॉवर कमी केली तर विमान नाक खाली घालून तोच वेग राखायला बघतं, फ्लॅपला (उतरताना खाली सोडायचे पंखांचे पट्टे) हात लावला नाही तर. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की फायनलला 65 धरणं फार सोपं होतं, कारण मग तुम्ही वेगाच्या मागे धावत नाही.

घारीची_नजर यांच्याशी मी एका मुद्द्यावर सहमत नाही. 90 अंशवाल्या योकच्या एलेरॉनला कर्व्ह ठीक आहे. पण एलिव्हेटरला उणे 40 केलं की मध्य मवाळ होतो तसा पुढचा भाग तेवढाच तिखट होतो, गणितच तसं आहे, शेवटी टोकाला 100 टक्के यायचेच. आणि फ्लेअरमध्ये योक नेमका त्या पुढच्या भागात असतो. म्हणजे क्रूझमध्ये आराम मिळतो आणि जमिनीपासून 10 फुटांवर विमान उड्या मारतं. मी एलिव्हेटर सरळ रेषेत ठेवतो किंवा फार तर उणे 15, डेडझोन खाचेपुरता.

धरायचं कसं तेही सांगतो, मूठ आवळून नाही. अंगठा आणि दोन बोटं, रांगोळी सोडताना चिमूट धरतात तेवढीच. आमचे इन्स्ट्रक्टर पहिल्या आठवड्यात सगळ्यांना हेच ओरडतात.

घारीची_नजर

कॅडेट, फ्लेअरचा मुद्दा पटला. मी जास्त करून लांबचे क्रॉसकंट्री करतो म्हणून मला मध्य मवाळ हवा असतो. आज रात्री एलिव्हेटर उणे 15 वर करून सर्किट (टेकऑफ, रनवेभोवती फेरी आणि लँडिंग) मारून बघतो.

पणजीचो_एअरबस

मी ए320 वाला आहे, म्हणजे एअरबसचं प्रवासी जेट उडवतो, दाबोळी ते मुंबई रोजचं. एक गोष्ट जोडतो, जुनी जॉयस्टिक विकू नका. एअरबससाठी योकपेक्षा तीच खरी. खऱ्या ए320 ची साइडस्टिक म्हणजे सुद्धा स्प्रिंगवर मध्यावर येणारी दांडीच आहे, हवेचा जोर तिच्यात येत नाही. नॉर्मल लॉमध्ये (विमानाच्या कॉम्प्युटरचा नेहमीचा मोड) तुम्ही स्टिक ओढता तेव्हा थेट एलिव्हेटर हलवत नसता, किती जी (गुरुत्वाच्या किती पट जोर) हवेत ते मागत असता, आणि बाजूला दाबता तेव्हा किती वेगाने कलायचं ते. सोडली की विमान तसंच राहतं, ट्रिम स्वतः करतं. 33 अंशांपर्यंतचा कल सुद्धा हात काढल्यावर टिकतो. त्यामुळे कॅडेटने जी स्प्रिंगची अडचण सांगितली ती एअरबसला लागूच पडत नाही.

म्हणून माझ्याकडे दोन प्रोफाइल आहेत, सेसनासाठी योक आणि एअरबससाठी स्टिक. सिममध्ये प्रत्येक डिव्हाइसला वेगवेगळ्या नावाने प्रोफाइल ठेवता येतात, उडायच्या आधी ते बदलायचं. तुम्ही नुसतं सेसनावर असाल तर सध्या जॉयस्टिक कपाटात.

खटपट्या_काका

सगळ्यांनी सॉफ्टवेअर सांगितलं, आता टेबल खुर्चीकडे बघा. माझं आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं म्हणून मला आधी तेच दिसतं.

पेडल घसरतंय का ते तुम्ही लिहिलं नाही पण घसरत असणार, हल्ली सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल आहे. उजवा पाय दाबला की अर्धा जोर रडरमध्ये आणि अर्धा पेडल पुढे सरकवण्यात जातो, मग तुम्हाला नक्की किती दाबलं ते कळणार कसं. पेडलाच्या मागे भिंत येईल असं टेबल लावा, नाही तर भिंत आणि पेडलाच्या मधे लाकडाची फळी अडकवा. खाली रबरी मॅट. त्याहून महत्त्वाची खुर्ची. चाकाची ऑफिस खुर्ची असेल तर ब्रेक दाबला की तुम्हीच मागे जाता. चाकं काढून त्याच्या जागी स्थिर पाय बसवता येतात, ऑनलाइन मिळतात, किंवा सरळ जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या.

योकची उंची बघा. क्लॅम्प टेबलाच्या वर बसतो त्यामुळे योक छातीशी येतो आणि कोपर हवेत राहतं, मनगट त्यानेच दुखतं. खुर्ची उंच करा किंवा योक खालच्या कीबोर्डच्या ट्रेवर घ्या, ट्रे मजबूत असेल तरच, नाही तर ओढताना ट्रेच बाहेर येईल. कोपर मांडीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकलं पाहिजे, तरच बारीक हालचाल जमते.

मुदत आहे तोवर एक तपासणी करून घ्या. सेन्सिटिव्हिटीची ती खिडकी उघडा, एकेक ॲक्सिस या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा, पट्टी सलग सरकली पाहिजे. मधेच उडी मारत असेल तर आतला सेन्सर खराब आहे, बदलून घ्या, कर्व्ह लावून ते झाकू नका. पोटेन्शिओमीटर असतो त्यात एक पट्टी दुसऱ्यावर घासत असते, धुळीने आणि वापराने ती झिजते. हॉल सेन्सरमध्ये लोहचुंबक असतो, काही घासत नाही, म्हणून तो जास्त टिकतो. थ्रस्टमास्टरच्या टी16000एम स्टिकमध्ये तो आहे.

सगळं एका स्वस्त यूएसबी हबवर लावलं असेल तर योक आणि पेडल थेट कॉम्प्युटरच्या मागे लावा. आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करायची जी परवानगी असते तिची खूण काढा, नाही तर लांबच्या फ्लाइटमध्ये पेडल झोपी जातं.

गोदाकाठची

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळं करून बघितलं आणि क्रमाने सांगते.

जॉयस्टिकचे ॲक्सिस पुसल्याबरोबर रडरचा झटका गेला, पुन्हा एकदाही आला नाही. ब्रेकमध्ये फक्त डावा उलटा बसला होता, उजवा बरोबर होता, म्हणूनच एकाच बाजूला ओढत होतं. आता 1000 आरपीएमला गाडी सरळ निघते. ऑटो-रडर बंद केल्यावर टेकऑफला डावीकडे जोरात जायला लागलं पण ते का ते आता माहीत असल्यामुळे मजा वाटली, उजवा पाय पॉवरबरोबर हळूहळू देत गेले तर रनवेच्या मधोमध राहतंय. पहिल्यांदाच वाटलं की पाय उडवतायत.

काकांनी बरोबर ओळखलं, पेडल घसरत होतं. भिंतीला टेकवून खाली मॅट घातली, आईची डायनिंगची खुर्ची आता माझ्या खोलीत आहे. सेन्सरची पट्टी सगळीकडे सलग सरकते, त्यामुळे सेट ठेवतेय.

ट्रिम मात्र खरा शोध आहे. कॅडेट, तुमच्या क्रमाने 3500 फुटांवर सिंहगडाच्या बाजूला नुसती सरळ उडत राहिले, पॉवर बदलायची, धरायचं, ट्रिम, सोडायचं. आधी जमेना, मग एकदा हात काढला आणि नाक तिथेच राहिलं! एलिव्हेटर सरळ रेषेत ठेवला, एलेरॉन उणे 25. मनगट दुखायचं थांबलं.

आता फायनलला 65 टिकतं आणि वारा नसेल तर सेंटरलाइन पण. पण लाइव्ह वेदर लावलं आणि वारा बाजूने आला की पुन्हा सगळं विस्कटतं. नाक वाऱ्याकडे ठेवून येते पण टेकताना विमान वाकडं असतं आणि चाकं किंचाळतात. पेडल आता आहेतच तर हे नीट कसं करायचं?

बारामती_कॅडेट

वा, ट्रिम जमलं म्हणजे अर्धं काम झालं. क्रॉसविंडसाठी, म्हणजे बाजूच्या वाऱ्याच्या सरावासाठी, लाइव्ह वेदर बंद करा, स्वतः वारा लावा म्हणजे प्रत्येक वेळी तोच मिळेल. रनवे 28 आहे तर वारा 190 वरून 8 नॉट, म्हणजे बरोबर डावीकडून काटकोनात, झोत शून्य. थेट फायनलवर 3 मैलांवरून सुरुवात करा, टेकऑफमध्ये वेळ घालवू नका.

लांब असताना नाक वाऱ्याकडे ठेवून या, ते बरोबरच करताय. रनवेपासून साधारण 200 फूट उंचीवर आलात की दोन कामं वेगळी करा. पायाने नाक रनवेच्या रेषेत आणा, इथे उजवा पाय लागेल, आणि तो पाय तिथेच ठेवा, तो फक्त नाक सरळ ठेवायला आहे. आणि हाताने डावा पंख वाऱ्यात खाली करा, तो फक्त सरकणं थांबवायला आहे. विमान उजवीकडे वाहत चाललं तर डावा पंख अजून थोडा खाली, डावीकडे जायला लागलं तर थोडा सोडा. नाक वाकडं झालं तर पाय. बहुतेकांचं इथे चुकतं ते हेच की सरकणं पायाने दुरुस्त करायला जातात. कंट्रोल आडवेतिडवे असल्यामुळे ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो, वेग पडायला लागतो, थ्रॉटल किंचित वाढवून 65 ठेवा.

टेकताना डावं चाक आधी टेकेल, ते टेकू द्या, पंख सपाट करायची घाई नको. आणि इथे घरच्या योकचं एक लक्षात ठेवा, चाक टेकलं की आपण सुटलो असं वाटून हात सैल होतो आणि स्प्रिंग एलेरॉनला लगेच मध्यावर नेते, मग वारा डावा पंख उचलतो. खऱ्या विमानात वेग कमी होतो तसा एलेरॉनचा जोर कमी होतो म्हणून उलट अजून वाऱ्याकडे फिरवत न्यायचा असतो, टॅक्सीच्या वेगाला येईपर्यंत पूर्ण डावीकडे. नाकाचं चाक खाली यायच्या आधी उजवा पाय मध्यावर आणा, कारण ते चाक पेडलांनाच जोडलेलं आहे, पाय दाबलेला राहिला तर टेकल्याबरोबर उजवीकडे वळेल.

8 नॉटला सलग नीट यायला लागलं की 12 करा. 172 च्या हँडबुकमध्ये डेमॉन्स्ट्रेटेड क्रॉसविंड (चाचणीत उतरवून दाखवलेला बाजूचा वारा) 15 नॉट दिलाय, तोपर्यंत गेलात की मग वारा उजवीकडून लावा, 010 वरून, आणि पुन्हा 8 पासून सुरू करा.